पाण्यातला भोंगा

करिश्मा खाडीपलीकडच्या बांदवलीहून, सासरहून, आली ती होडी नीट बांधायलाही थांबली नाही. गुडघाभर चिखल तुडवत थेट कालवांच्या शेडपाशी आली आणि थोरल्या बहिणीसमोर उभी राहिली.

"तुमचो भोंगो बंद करा," ती म्हणाली.

शेडमध्ये कातळखोलच्या महिला गटाच्या बायका कालवं फोडत बसल्या होत्या. कोयत्यांची टकटक थांबली. दर्शना मेतर या गटाची अध्यक्ष. बहीण माहेरी आली की आधी चहा आणि मग भांडण, असा तिचा नियम होता.

"आधी बस तरी. चाय घेतंस?"

"बसाक इलंय नाय. आमच्या खडपांवर औंदा एक कालव नाय गो. मागच्या वर्साक चार तरी मिळत होती. सगळा बी तुमी ओढून घेतास. आमी काय खडपा चाटूची?"

"खाडी काय आमच्या बापाशीची आसा, बी ओढूक?"

"बापाशीची नाय," कोपऱ्यातून सुवर्णा तांडेल म्हणाली, "पण भोंगो आमचो आसा."

सुवर्णाचं घर कातळखोलमध्ये सगळ्यात खाली, पाण्याला लागून. जिभेला धार अशी की कालव फोडायला तिला कोयती कशाला लागते, असं बायका तिच्या तोंडावर म्हणत. करिश्माने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"ताई, तू येवन बघ एकदा. मगे बोल."

एवढं म्हणून ती आली तशी निघून गेली. चहा तसाच राहिला.

हा भोंगा लग्नातला नव्हे. तो पाण्याखाली वाजायचा आणि माणसाला ऐकूच येत नसे. त्याची गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल.

समुद्र तापला आणि बांगडा, तारली थंड पाण्याच्या शोधात लांब खोल निघून गेले. जाळ्यात मासळीऐवजी जेलीफिशचा बुळबुळीत लगदा येऊ लागला. बाप्ये गोव्याच्या ट्रॉलरवर गेले, दर्शनाचा नवरासुद्धा. मागे राहिलेल्यांच्या दारात समुद्र येऊन बसला. पूर्वी वादळं बंगालच्या बाजूला जायची आणि आपण टीव्हीवर बघून हळहळायचो. आता अरबी समुद्रालाही चटक लागली होती. सरकारने मोठमोठे दगड टाकून बंधारा घातला. पण समुद्र वर चढत होता आणि बंधारा आपल्या जागी खचत होता. लाटांनी त्याचे पाय उकरले आणि दगड वाळूत गडप झाले.

तेव्हा डॉ. अंजुम काझी आल्या. रत्नागिरीच्या बाई, समुद्रजीवांवर संशोधन करणाऱ्या. त्यांचं म्हणणं सोपं होतं: समुद्राबरोबर जी स्वतः वर चढेल अशी भिंत लावू या. लावू या, बांधू या नव्हे. कालवं एकमेकांना चुन्याने चिकटतात, एकावर एक घर करतात, आणि पाणी वीतभर वर चढलं की तीही वीतभर वर चढतात. लाट त्यांच्यावर फुटते. आत संथ पाण्यात कुर्ल्या वाढतात. वर पुन्हा कालव विकता येतं. भिंतीनेच पोट भरावं असा सौदा क्वचित मिळतो.

अडचण होती ती बियांची. बी म्हणजे कालवाचं पिल्लू, ते डोळ्यांना दिसत नाही. दोन-तीन आठवडे ते भरती-ओहोटीबरोबर हेलपाटत राहतं आणि मग त्याला आयुष्यातला एकुलता एक निर्णय घ्यायचा असतो: बसायचं कुठे. एकदा चिकटलं की चिकटलं. कालवाला घर बदलता येत नाही. त्याला कान नाहीत, पण पाण्याची थरथर कळते. जिवंत खडपात, म्हणजे कालवांनी भरलेल्या पाण्यातल्या कातळात, बारीक झिंगे नांग्या आपटतात, मासे चरतात आणि पाण्याखाली तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज चालू असतो. पिल्लाला तो जाणवला की ते खाली उतरतं. जिथे शेजार आहे तिथे घर करावं, एवढी अक्कल त्याला असते.

डॉक्टरांनी तोच आवाज पकडून आणला. वर तरंगणारा पिंप, त्यावर सौर पत्रे, खाली दोरीला बांधलेला भोंगा. पण हा भोंगा नुसता वाजत नसे, शिकतही असे. कोणत्या आवाजाला किती पिल्लं दगडावर बसली हे तो छोट्या कॅमेऱ्याने मोजी आणि पुढच्या वेळी आवाज थोडा बदली. काही हंगामांत त्याने असा आवाज शोधून काढला की तसा खऱ्या खडपातही नसावा. खाडीभरचं बी कातळखोलकडे धावलं. गावासमोर समुद्राच्या तोंडावर कालवांचे दोन लांब हात उभे राहिले. बायकांच्या हातात काम आलं, गोव्याला गेलेले काहीजण परतले. पलीकडे काय होतंय हे पाहावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. पोट भरलेल्या माणसाला शेजारच्या चुलीचा धूर मोजायची सवय नसते.

करिश्मा येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला दर्शना डॉक्टरांना घेऊन बांदवलीला गेली. करिश्मा आणि तिचे सासरे तातू कुबल काठावर उभे होते. खडपं खरंच कोरी होती. डॉक्टर ओणव्या होऊन एकेक खडप भिंगातून बघत गेल्या.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आम्ही फक्त कातळखोलच्याच बाजूचं मोजत होतो."

परतताना वाट बांधावरून होती. बांदवली म्हणजे खाडीच्या पातळीच्याही खाली असलेलं गाव. भातशेतं, घरं, विहिरी, सगळं या एका बांधाच्या आडोशाला. बांध जांभ्या दगडाचा, चुना-सिमेंट न घालता नुसता रचलेला. पायथ्याला पाण्याच्या बाजूने कालवांचा पांढुरका जाड थर. ही कालवं राखणदाराची, गाव राखणाऱ्या देवाची. वर्षातून एकदा त्याला नारळ आणि तंबाखू ठेवायची आणि त्याच्या कालवांना हातही लावायचा नाही. गावावर उपासाची वेळ आली तरी नाही. नियम कोणी केला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी पहिल्यांदा खाडीची पाहणी केली तेव्हाही गावाचा मान राखून बांध सोडून दिला होता.

दर्शना चालता चालता थांबली. ओहोटीला जिवंत कालवांजवळून गेलं की ती शिंपले मिटतात, कुठे चिटकन आवाज होतो, कुठे पाण्याची बारीक चिळकांडी उडते. तिच्या शेडमागच्या खडपात तर ही कुजबुज सतत चाललेली असायची. इथे सगळं मुकं होतं.

ती बांधाच्या पायऱ्या उतरू लागली.

"दर्शना," तातू म्हणाले, "हात लावू नको."

"तातूनू, एकदाच बघतंय."

"माज्या आज्यान लावूक नाय, बापाशीन लावूक नाय. तू माहेरची पावणी. आमच्या गावाक इघ्न आणू नको."

दर्शना घाबरली नाही असं नाही. राखणदाराला ती मानत होती. कोकणात राहून न मानणारा माणूस एकतर मूर्ख असतो नाहीतर मुंबईचा. पण तिने हात पुढे केलाच. कालव बोटाबरोबर सुटून आलं. आत चिखल होता. दुसरं सुटलं, त्यातही चिखल. तिने जरा जोर लावला तशी कालवांची अख्खी खपली हातात आली आणि खपलीमागचा जांभ्याचा चिरा हलत्या दातासारखा डुगडुगला.

नियम करणारा शहाणा होता हे आता दिसत होतं: ती कालवंच त्या बांधाचं सिमेंट होती. पण मेलेलं कालव आणि जिवंत कालव लांबून अगदी सारखं दिसतं. गाव वर्षानुवर्षं वरून बघत आलं आणि भक्तिभावाने लांब उभं राहिलं. म्हातारी कालवं मेली, नवीन बी आलं नाही, आणि हे कळायला हात लावण्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

तातू बांधावरच खाली बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आता हा बांध रचलेला नाही, नुसता ठेवलेला आहे," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "यंदाचा पावसाळा निभला, कारण पाणी संथ होतं. मे महिन्यात एखादं वादळ थेट आलं तर..."

"सिमेंट मारूया," करिश्मा म्हणाली.

"आतलं पाणी झिरपायला जागा राहणार नाही आणि बांध आतून फुटेल. नवा बांधायचा तर मंजुरीलाच दोन-तीन वर्षं जातील. कालवं मात्र आत्ता बसली तर मेपर्यंत बाहेरचे दगड धरून ठेवतील. बी सुटायची वेळ जवळ आली आहे."

"मगे भोंगो बंद करा म्हणतंय ता काय खोटा?"

"बंद करून भागणार नाही. कातळखोलचं खडप आता एवढं मोठं झालंय की ते स्वतःच ओरडतं. भोंगा इथे आणावा लागेल. या बांधाखाली."

करिश्माने बहिणीकडे पाहिलं. लहानपणी मोठी कैरी कोणाच्या हातात आहे हे ती अशीच बघायची. दर्शनाने मान फिरवली, कारण पुढचं तिला ठाऊक होतं आणि करिश्माला नव्हतं.

पुढचं असं होतं. कातळखोलच्या कालवांच्या दोन हातांमध्ये एक खिंड उरली होती. तिथे ओढ जास्त, म्हणून बी टिकत नसे. यंदा तिथे मुद्दाम खडबडीत ठोकळे टाकून ठेवले होते आणि याच हंगामाच्या बियांवर खिंड बुजायची होती. अर्धवट भिंत ही भिंत नसण्यापेक्षा वाईट, कारण अडलेलं सगळं पाणी खिंडीतून दुप्पट जोराने आत घुसतं. आणि खिंडीच्या बरोबर समोर एकच घर होतं, सुवर्णाचं.

गटाची बैठक शेडमध्येच भरली. डॉक्टरांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बी एवढं थोडं आहे की दोन भोंगे लावून वाटून घेतलं तर ना खिंड बुजेल ना बांध धरेल, हेही सांगितलं.

"शिमग्यात पालखी घरोघर जाता," एक म्हातारी म्हणाली. "तसो भोंगो एक वर्स हय, एक वर्स थंय."

"पालखी एक वर्स इली नाय तर घर बुडणा नाय, आये," सुवर्णा म्हणाली.

कोणी हसलं नाही.

"थंय सगळो गाव आसा," दर्शना म्हणाली. "हय खिंडीसमोर..."

"एक घर. बोल ना. एक घर म्हणजे काय मोठा? तुजा घर वर आसा, भैण पलीकडे आसा. भोंगो हय ऱ्हवलो तरी तू सुकी, थंय गेलो तरी तू सुकी. दुसऱ्याच्या कोंबड्यार पावण्यांक जेवण घालूक कोणाकय जमता."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच दर्शनाच्या कानशिलापर्यंत गेलं. हात वर झाले. भोंगा इथेच राहावा, असं म्हणणारे हात जास्त होते. दर्शनाने कुठल्याच बाजूने हात वर केला नाही. अध्यक्षाने करायचा नसतो, असं तिने स्वतःला सांगितलं. ते तिचं तिलाही पटलं नाही.

तिने करिश्माला फोन केला.

"भोंगो हयच ऱ्हवतलो."

पलीकडे वाजत असलेला विहिरीचा रहाट थांबला.

"बरा," करिश्मा म्हणाली. "दिवाळीक माजी वाट बघू नको."

दर्शना दोन दिवस शेडमध्ये नुसती कालवं फोडत राहिली. तिला करिश्माचा राग आला, मग सुवर्णाचा, मग त्या अदृश्य पिल्लांचाही. शेवटी राग संपला आणि भीती उरली. करिश्माचं घर बांधापासून हाकेच्या अंतरावर होतं. लहानपणी तिला पोहायला दर्शनानेच शिकवलं होतं. पण घरात पाणी शिरतं तेव्हा पोहणं कामाला येत नाही, हे तिने तीन वादळांत पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाना घेऊन होडीतून भोंग्यापाशी गेली. डॉक्टरांचा निरोप आला होता: खाडीत पिल्लं दिसू लागली आहेत. तिने पिंप धरला, पहिला नट सोडवला, दुसरा गंजून घट्ट बसला होता. ती त्याच्याशी झटत असताना मागून वल्ह्याचा आवाज आला.

सुवर्णा कुर्ल्यांचे पिंजरे उचलायला आली होती. तिने आपली होडी दर्शनाच्या होडीला लावली आणि हाताने धरून ठेवली.

"अध्यक्षीणबाय चोरी करतत," ती शांतपणे म्हणाली.

दर्शनाने पाना खाली ठेवला नाही. "होय."

"मतदान झाला. हात मोजलंस तू."

"मोजलंय."

"मगे? मी आता गेलंय आणि बायकांक बोलवन हाडलंय तर तुजा अध्यक्षपद जातला. शेडमध्ये कोण उभी करूची नाय तुका."

"बोलव. मी पळान जावचंय नाय. पण आधी माज्या वांगडा पलीकडे चल. एकदा हात लावन बघ. मगे कोणाक व्हया तेका बोलव."

"माका भय घालूक बघतंस?"

"होय. माका वाटता ताच तुका वाटूक व्हया."

सुवर्णाने पिंजऱ्यातल्या कुर्ल्यांवर ओलं गोणपाट टाकलं, आपली होडी पिंपाला बांधली आणि दर्शनाच्या होडीत पाय टाकला. दर्शना वल्हवू लागली.

बांधावर तातू उभे होते. सुवर्णा पायऱ्या उतरली, वाकली आणि हात लावला. या वेळी त्यांनी अडवलं नाही. एक चिरा हलला. ती पुढे सरकली. दुसरा, तिसरा. अख्ख्या बांधाच्या पायथ्याने ती अशी चाचपत गेली, डॉक्टर रोग्याचं पोट दाबत जातो तशी, आणि दुसऱ्या टोकाला वर चढली. तिथून आतली शेतं दिसत होती. भात पिवळं झालं होतं, काही ठिकाणी कापणी सुरू होती. करिश्मा विहिरीवर होती. तिने दोघींना पाहिलं, पण पुढे आली नाही.

सुवर्णाच तिच्याकडे गेली. "पाणी दी गो जरा."

करिश्माने कळशी वाकडी केली. सुवर्णा ओंजळीने प्यायली, मग पुन्हा एकदा प्यायली.

"गोडा आसा," ती म्हणाली. "आमच्याकडच्या बावडीक आता मचूळ चव येता." मग तातूंकडे वळून तिने विचारलं, "खारा पाणी कधी शिरलला हय?"

"माज्या आज्याच्या वेळेक एकदा बांध फुटलो होतो," तातू म्हणाले. "बापूस तेव्हा पाळण्यात. तो मिशी फुटण्याइतको झालो तवसर ह्या मळ्यात गवात येवक नाय. लोक उठान मुंबैक गेले. बरेचशे परत इलेच नाय."

सुवर्णाने मान हलवली. परतीच्या वाटेवर खाडीच्या मध्यावर आल्यावर ती म्हणाली, "सोडव तुजो भोंगो."

दर्शनाचं वल्हं थांबलं. "सुवर्णा, तुजा घर..."

"माजा घर चिऱ्याचा आसा. पडला तर परत रचूक येता. ती बावडी परत गोडी कोण करतलो? तुजी ती डॉक्टरीण?" ती थांबली. "आणि ऐक. ह्या मी तुज्या भैणीसाठी करूक नाय. तुज्यासाठी तर नायच. उगाच गळ्यात पडू नको."

"नाय पडणंय."

"आणि वादळ येतलाच असा खंय लिवलला आसा?"

दुपारी शेडमध्ये तिनेच बायकांना सांगितलं. खिंड माझ्या दारासमोर आहे, तेव्हा ती उघडी ठेवायची की नाही हे मी सांगणार, बाकीच्यांनी हात खाली ठेवावेत, असं ती म्हणाली. कुरकूर झाली. दर्शनावर दोघीतिघींनी तोंडसुख घेतलं आणि दर्शनाने ते घेऊ दिलं. संध्याकाळी भोंगा बांदवलीच्या बांधाखाली पाण्यात सोडला गेला.

बी आलं. दिवाळीत करिश्मा फराळाचा डबा घेऊन माहेरी आली. दर्शनाने तिला आधी चहा दिला, भांडण मात्र झालं नाही. पौषात बांधाच्या दगडांवर नखाएवढी कालवं दिसत होती, होळीला रुपयाएवढी. तातू रोज सकाळी उतरून त्यांना हात लावत. राखणदाराला त्यांनी स्वतः गाऱ्हाणं घातलं होतं, की बा देवा, लांबून राखण होत नाही, तेव्हा एवढी चूक पोटात घाल. गावाने "होय महाराजा" म्हटलं. चिरे आता हलत नव्हते.

खिंडीतले ठोकळे तसेच कोरे राहिले. सुवर्णा रोज त्यांच्यावरून होडी नेत असे. त्याबद्दल तिला विचारायची कोणाची छाती नव्हती. दर्शना मात्र आभाळ बघत राहिली. एप्रिल कोरडा गेला तेव्हा तिने मनातल्या मनात नारळ बोलला. एवढा एक मे जाऊ दे, पुढच्या हंगामात भोंगा खिंडीत लावते, असं ती देवाला, समुद्राला आणि हवामानखात्याच्या ॲपला आळीपाळीने सांगत होती.

मे गेला नाही. लक्षद्वीपच्या वर कमी दाबाचा पट्टा झाला, त्याचं वादळ झालं आणि ते किनाऱ्याला समांतर वर सरकण्याऐवजी आत वळलं. इशारा आला तेव्हा हाताशी वेळ होता. आजकाल वेळ मिळतो, तेवढी विज्ञानाची मेहेरबानी आहे. जीव वाचवता येतात, घरं उचलून नेता येत नाहीत.

तरी बायकांनी सुवर्णाचं घर जमेल तेवढं उचललं. भांडी, कपाट, जाळी, देव. सुवर्णाने स्वतः दारं-खिडक्या बिजागऱ्यांतून काढल्या. कौलंसुद्धा उतरवली असती, पण वारा सुटला. दर्शनाने दाराची एक फळी डोक्यावर घेतली आणि सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, वादळ-निवाऱ्यापर्यंत चढली. वाटेत तिला रडू आलं. तिने ते पावसात जाऊ दिलं.

निवारा दोन्ही गावांना मिळून एकच होता, कातळखोलच्या सड्यावर. बांदवलीची माणसं होड्यांनी आधीच आली होती. सकाळी भरतीच्या वेळी वादळ किनाऱ्याला लागलं. निवाऱ्याच्या भिंतीतल्या जाळीतून खाडीचे दोन्ही काठ दिसत होते, म्हणजे पावसाच्या झडी जरा उघडल्या की दिसत होते. सगळे जाळीला चिकटून उभे होते. करिश्माने दर्शनाचा दंड धरला होता आणि तिची नखं रुतत होती.

पाणी वर चढलं. समुद्राकडून आलेल्या लाटा कालवांच्या दोन हातांवर फुटल्या आणि त्यांच्या आडची घरं नुसती भिजली. पण खिंडीपाशी पाणी गोळा झालं, फुगलं आणि आत सुटलं. पहिल्या लोंढ्याने सुवर्णाचं अंगण नेलं. दुसऱ्यात समोरची भिंत बसली. मग छप्पर एका बाजूला कललं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि कौलांसकट पाण्यात उतरलं. झड आली आणि काही दिसेनासं झालं.

झड उघडली तेव्हा सगळ्यांनी पलीकडे पाहिलं. लाटा बांधावरून उडत होत्या. पांढऱ्या फेसाखाली बांध नाहीसा होई, पुन्हा वर येई. पुन्हा नाहीसा होई. तातू डोळे मिटून ओठ हलवत होते. असं किती वेळ चाललं ते कोणाला सांगता आलं नसतं. मग वारा फिरला, ओहोटीची ओढ सुरू झाली आणि फेस उतरला. बांध होता. वरचे चार-दोन चिरे गेले होते, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत बांध उभा होता आणि त्याच्या आत नांगरलेला मळा पावसाच्या पाण्याने तपकिरी दिसत होता, खाडीच्या नव्हे.

बांदवलीच्या माणसांनी एकच गलका केला. कोणी हसलं, कोणी टाळ्या पिटल्या. करिश्मा बहिणीच्या गळ्यात पडली आणि हसत सुटली. दर्शनाही हसली. तिला इतका आनंद झाला होता की तिला दुसरं काही आठवलंच नाही.

मग तिला सुवर्णा दिसली. ती जाळीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती आणि जिथे तिचं घर होतं तिकडे बघत होती. दर्शनाचं हसू विरलं. करिश्माचंही. एकेकाने वळून पाहिलं आणि निवारा हळूहळू गप्प झाला. तातूंनी टोपी काढली. पत्र्यावर पावसाचा आवाज तेवढा राहिला.

सुवर्णा वळली. तिने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"गप कित्याक ऱ्हवल्यात?" ती म्हणाली. "हसा. तुमी हसल्यात नाय तर माजा घर फुकट गेला."

करिश्मा हसायला गेली आणि तिला हुंदका फुटला. सुवर्णा तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि ती हसेपर्यंत तिथून हलली नाही.